सात बहिणींच्या गावांतून इटलीकडे

इटलीचे लोकजीवन गावागणिक बदलते. 1861 मध्ये देश एक झाला तेव्हा नेपल्सचा कोळी आणि तुरिनचा कारागीर यांना एकमेकांचे बोलणे कळत नव्हते. भाषाशास्त्रज्ञ तुल्लिओ दे माउरो यांच्या अंदाजाने त्या वेळी प्रमाण इटालियन येणारे लोक शेकडा अडीच होते. इतर अभ्यासकांनी हा आकडा दहापर्यंत नेला आहे. त्यामुळे इटालियन माणूस आजही आपली ओळख आधी गावाने सांगतो, मग प्रांताने आणि सगळ्यांत शेवटी देशाने. गावाचा संत, गावाचा चौक, रविवारचे घरचे जेवण आणि उन्हाळ्यातला उत्सव यांभोवती तिथल्या सामान्य माणसाचे वर्ष फिरते.

गोव्याचा इटलीशी संबंध जुना आहे. फ्लॉरेन्सचा व्यापारी फिलिप्पो सास्सेत्ती 1588 मध्ये गोव्यातच वारला. संस्कृत आणि इटालियन शब्दांतले साम्य त्याने आपल्या पत्रांत टिपून ठेवले होते. रोमचा प्रवासी पिएत्रो देल्ला वाल्ले 1623 मध्ये गोव्यात उतरला आणि इथल्या मिरवणुका, सोहळे, चालीरीती त्याने घरी पत्रांतून कळवल्या. जुन्या गोव्यातल्या सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीखालचा संगमरवरी चौथरा तोस्कानाच्या कोझिमो तिसऱ्याने धाडला, तो शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनीने घडवला आणि 1698 मध्ये इथे उभा राहिला. थिएटाइन पंथाच्या इटालियन धर्मगुरूंनी बांधलेले सेंट कॅजेटनचे चर्चही रोमच्या सेंट पीटर्सच्या धर्तीवर आहे.

हे सारे जुन्या काबिजादीतले, म्हणजे पोर्तुगिजांनी आधीच जिंकलेल्या भागातले. डिचोली आणि पेडणे हे महाल पोर्तुगिजांच्या हाती आले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस, पेडणे तर 1788 मध्ये. त्या वेळेपर्यंत देवळे पाडण्याचा काळ सरला होता. म्हणून इथे देवळे, जत्रा, तरंगे आणि दशावतार जागच्या जागी राहिले. पुढे दोनेक शतकांनी पेडण्याच्या किनाऱ्यावर, हरमल, मांद्रे, आश्वे या गावांत, युरोपचे लोक हिवाळ्यापुरते राहायला येऊ लागले आणि त्यांच्याबरोबर पिझ्झाची भट्टी, कॉफीचे यंत्र, ताजा पास्ताही आला.

इटलीचे लोकजीवन पेडणे-डिचोलीच्या माणसाने कुठून ओळखावे, याविषयी या भागात दोन दृष्टी ऐकू येतात. एक किनाऱ्यावरची: पाहुण्यांना खोल्या देणारी, त्यांच्याशी रोज बोलणारी. दुसरी आतल्या गावांतली: जत्रा आणि काला यांत वाढलेली. सोयीसाठी पहिलीला पेडणेकर आणि दुसरीला डिचोलीकर म्हटले आहे. वाद खाण्यापासून सुरू होतो, कारण ओळखही तिथूनच झाली.

पेडणेकर : इटली समजायची तर रोजच्या दिवसातून समजते. सकाळी दुधाची कॉफी आणि एखादा गोड पाव. जेवणानंतर दुधाची कॉफी कोणी मागत नाही. मागितली तर समोरचा बघत राहतो. दुपारी काळी कॉफी, तीही बारच्या फळीशी उभ्याने, दोन घोटांत. जेवणात आधी पास्ता किंवा भात, मग मासे किंवा मांस, भाजी वेगळ्या ताटलीत. सगळे एकदम पानात वाढण्याची रीत नाही. संध्याकाळी जेवणाआधी सारा गाव चांगले कपडे करून मुख्य रस्त्यावरून फेऱ्या मारतो, थांबतो, बोलतो. हे कळले की माणूस कळला. उत्सव वर्षातून एकदा येतो.

डिचोलीकर : हरमलच्या किनाऱ्यावर जे मिळते त्यात ही रीत कितीशी उरते? नेपल्सच्या पिझ्झाची भाकरी लाकडाच्या भट्टीत, चारशे अंशांहून अधिक तापमानात, साठ ते नव्वद सेकंदांत भाजून निघते. ती करणाऱ्याच्या कौशल्याला युनेस्कोने 2017 मध्ये वारसा म्हणून मान्यता दिली. किनाऱ्यावर त्याच नावाखाली चिकन टिक्का घातलेली जाड पोळी मिळते. पाहुण्यांसाठी मांडलेले खाणे आणि घरचे खाणे यांत फरक राहणारच.

पेडणेकर : फरक आहे, पण तो तुम्ही म्हणता तिथे नाही. आपला पोदेर पहाटे लाकडाच्या भट्टीत उंडे भाजतो, ते नेपल्सच्या माणसाला बघताक्षणी ओळखीचे वाटते. भट्टीपाशी उभा राहून तो पिठाचे, आंबवण्याचे विचारतो. ओळख पदार्थाच्या नावातून होत नाही, कामातून होते.

हा मुद्दा जोरदार आहे आणि त्याला पुष्टी देणारे उदाहरण किनाऱ्यावरच्या हॉटेलांबाहेर, घरांच्या अंगणांत मिळते. दक्षिण इटलीत ऑगस्टमध्ये कुटुंबे एकत्र जमतात आणि वर्षभराचा टोमॅटोचा रस बाटल्यांत भरतात. आजी, मुली, सुना, नातवंडे, शेजारी असे सगळे असतात. टोमॅटो उकडायचे, यंत्रातून काढायचे, बाटलीत तुळशीच्या जातीचे पान टाकायचे आणि बाटल्या मोठ्या भांड्यात पुन्हा उकळायच्या. पेडणे-डिचोलीत हेच काम चैत्र-वैशाखात होते आणि त्याला पुरुमेंत म्हणतात: मिरच्या वाळवणे, आमसुलाची सोले करणे, खारातल्या कैऱ्या, सुके बांगडे, सुंगटे. इटली हिवाळ्यासाठी साठवते, गोवा पावसासाठी. हे काम बाजार स्वस्त झाल्यावरही दोन्हीकडे टिकले आहे, कारण त्या दोन दिवसांत घरातली सगळी माणसे एका जागी बसतात. कुठलेही उपाहारगृह हे दाखवू शकत नाही.

मिरचीचेही तसेच. टोमॅटो आणि मिरची दोन्ही अमेरिकेतून आलेली. इटलीच्या दक्षिण टोकाला, कालाब्रियात, मिरची इतकी मुरली की दियामान्ते गावात 1992 पासून दरवर्षी सप्टेंबरात मिरचीचा उत्सव भरतो. पेडण्यात हरमलच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ज्या गावी परदेशी पाहुणे पिझ्झा मागतात, त्याच गावची मिरची सरकारदरबारी गोव्याची ठेव म्हणून नोंदली जाते, हे पाहुण्यांपैकी थोड्यांना ठाऊक असते आणि गावातल्या तरुणांपैकीही सगळ्यांना नाही.

डिचोलीकर : मग आपण घरातच आलो. आता अंगणातून देवळाकडे चला. इटलीच्या प्रत्येक गावाला एक रक्षणकर्ता संत आहे. त्याच्या दिवशी मूर्ती खांद्यावर घेऊन गावभर फिरवतात, बँड वाजतो, दारूकाम होते, रस्त्यावर शेंगदाणे आणि बदाम-मधाच्या वड्या विकायला बसतात. आपल्या जत्रेत खाजे विकतात तसेच. परगावी किंवा परदेशी गेलेला माणूस त्या दिवशी घरी येतोच. आपल्या चवथीसारखे.

पेडणेकर : संत आणि ग्रामदेवता एक नव्हेत. संत चर्चने ठरवलेला, त्याचे जीवनचरित्र लिहिलेले, त्याची तारीख रोमच्या पंचांगात. रवळनाथ, मोरजाई, माऊली यांना असे कोणी नेमलेले नाही. वरून सारखे दिसते म्हणून आतून सारखे म्हणू नका.

डिचोलीकर : नियम वेगळा, हे मान्य. पण लोकांनी नियमाचे काय केले ते बघा. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाई, मयेची महामाया या आपल्या डिचोली तालुक्यातल्या. मोरजीची मोरजाई तुमच्या पेडण्यातली. शीतळाई आणि अंजदीपाई धरून या बहिणी, आणि सातवी मिराबाई म्हणजे म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रीस सायबीण. लईराईच्या जत्रेला तिच्याकडून मोगऱ्याची फुले येतात आणि सायबिणीच्या फेस्ताला शिरगावचे तेल जाते, असे गावागावांत सांगतात. आता नेपल्सभोवतीचा कांपानिया प्रांत घ्या. तिथल्या लोकांतही मरियमेची सात रूपे सात बहिणी मानली जातात. त्यांतली माँतेव्हेर्जिनेची माता सावळी. बहिणींनी तिला कुरूप म्हटले म्हणून ती डोंगरावर जाऊन बसली, आणि ज्याला भेटायचे आहे त्याने चढून यावे असे म्हणाली, अशी कथा आहे. लोक अजूनही खंजिरीसारखे मोठे वाद्य वाजवत, गात तो डोंगर चढतात.

पेडणेकर : ही गोष्ट सुंदर आहे, पण नाते कुठले? शिरगाव आणि माँतेव्हेर्जिने यांच्यामध्ये कोणी कधी गेलेले नाही.

डिचोलीकर : नाते सिद्ध करायचेच नाही. मुद्दा वेगळा आहे. एका मोठ्या धर्माची एकच आई गावांनी वाटून घेतली, तिला बहिणी दिल्या, त्यांच्यात रुसवा-फुगवा घातला, कोणाचा वर्ण सावळा केला. एवढ्या मोठ्या देवाशी बोलता यावे म्हणून गाव हे करते. म्हापशाच्या चर्चमध्ये तेल घालायला जाणाऱ्या हिंदू बाईला माँतेव्हेर्जिनेची कथा समजावून सांगावी लागणार नाही.

या उदाहरणाचा विस्तार करण्यासारखा आहे, कारण लईराईच्या धोंडांसारखा व्रतस्थांचा समुदाय कांपानियातही आहे. वैशाख शुद्ध पंचमीला शिरगावात जत्रा भरते. धोंड आधी काही दिवस व्रत पाळतात, हाती रंगीत लोकरीची वेताची काठी धरतात, तळीत स्नान करतात, आणि मध्यरात्री पेटवलेल्या होमकुंडाच्या निखाऱ्यांतून पहाटेच्या आधी अनवाणी चालत जातात. नेपल्सजवळच्या सांत'अनास्तासिया गावी मादोन्ना देल्ल'आर्कोचे देवस्थान आहे. ईस्टरनंतरच्या सोमवारी हजारो भक्त पांढऱ्या कपड्यांत, कमरेला व खांद्यावर तांबडे-निळे पट्टे बांधून, अनवाणी धावत तिथे पोचतात. गल्लीगल्लीत त्यांची मंडळे आहेत. आठवडे आधीपासून ती निशाणे घेऊन दान गोळा करत फिरतात. देवळाच्या दारी काहींचा कंठ दाटतो, काही शुद्ध हरपून पडतात. बहुतेक सारे कष्टकरी वस्त्यांतले. व्रत अनेकदा घरच्या आजारातून बोललेले असते. दोन्ही ठिकाणी पुरोहित बाजूला उभा असतो आणि मधली जागा व्रत धरलेल्या माणसाची असते.

पेडणेकर : मधली जागा कोणाची, हा प्रश्न बरोबर आहे. पण मग तिथे कोणाला येता येते, हेही विचारा. आपल्याकडे तरंग कोणी घ्यायचे, पहिला मान कुणाचा, हे घराण्यांनी ठरते. इटलीत व्हितेर्बो शहरात 3 सप्टेंबरला संत रोझाचा तीस मीटर उंच, पाच टनांच्या आसपास वजनाचा मनोरा शंभरेक माणसे खांद्यावर नेतात. त्यांची निवड परीक्षेने होते: दीडशे किलोचा भार खांद्यावर घेऊन चालून दाखवायचा. बापाचे नाव पुरत नाही. खांद्यावरच्या अशा मिरवणुकींना युनेस्कोने 2013 मध्ये मान्यता दिली. माझ्या मते आपण शिकायचे तर हे.

डिचोलीकरांकडे या प्रश्नाला पुरते उत्तर नाही. ते एवढेच दाखवतात की सिएनामध्ये प्रवेश जन्माने किंवा वाड्याने ठरतोच. तिथे शहराचे सतरा वाडे आहेत, आणि 2 जुलै व 16 ऑगस्टला त्यांतल्या दहांचे घोडे भर चौकात तीन फेऱ्या धावतात. घोड्याला आधी वाड्याच्या चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद देतात. डिचोली-सत्तरीच्या शिगम्यात कमरेला लाकडी घोडा बांधून, हाती तलवार घेऊन, ढोल-ताशाच्या ठेक्यावर घोडेमोडणी होते. तिथेही वाड्याचा अभिमान पणाला लागतो. तरीही मानकरीपणाविषयीचा पेडणेकरांचा आक्षेप या उत्तराने मिटत नाही. सिएनाचा वाडा उच्चनीच ठरवत नाही, फक्त प्रतिस्पर्धी ठरवतो. हा फरक लहान नाही.

वर्षाच्या बाकी सणांवर दोघांचे फार भांडण होत नाही. 6 जानेवारीला झाडूवर बसून येणारी म्हातारी बेफाना मुलांच्या मोज्यांत मिठाई किंवा कोळसा टाकते. नाताळात घरोघरी गोठ्याचे देखावे मांडतात. ही प्रथा संत फ्रान्सिसने 1223 मध्ये ग्रेच्चो गावी सुरू केली, आणि नेपल्सची एक अख्खी गल्ली मूर्तिकारांची आहे. कार्निव्हल उपासाच्या काळाआधी येतो. व्हियारेज्जोत त्याचे रथ 1873 पासून निघतात. अब्रुत्सोच्या कोकुल्लो गावी 1 मे रोजी संताच्या मूर्तीवर जिवंत साप सोडून मिरवणूक काढतात, ते पाहून नागपंचमी पाळणारा माणूस दचकत नाही, पण मातीचा नाग पूजणे आणि जिवंत साप हाताळणे यांतले अंतर त्याला नक्की जाणवते. 15 ऑगस्टची सुट्टी सम्राट ऑगस्टसच्या नावाची आहे. त्या दिवशी शहरे ओस पडतात आणि दक्षिणेच्या गावांत परगावी गेलेली मुले परततात. दृष्ट काढणे दोन्हीकडे बाईचे काम. इथे मीठ-मिरची ओवाळून विस्तवात टाकतात, तिथे पाण्याच्या ताटलीत तेलाचे थेंब सोडून ते कसे पसरतात ते बघतात, आणि मंत्र नाताळच्या आदल्या रात्री आई मुलीला देते.

नाटकावर मात्र वाद पुन्हा तापतो.

डिचोलीकर : आमच्या काल्यात, म्हणजे दशावतारात, लिखित संहिता नसते. आधी गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, भटजी, मग संकासुर येऊन वेद चोरतो आणि विष्णू त्याला मारतो. नंतर रात्रभर आख्यान. बोलणे रंगमंचावरच सुचते. नट पेटारा डोक्यावर घेऊन गावोगावी फिरतात, आपला रंग आपण लावतात. इटलीतली मुखवट्यांची कोमेदिया देल्ल'आर्ते हीच कला. ठरावीक पात्रे: कंजूष पांतालोने, खोडकर आर्लेक्किनो. कथेचा सांगाडा एका कागदावर, बाकी उत्स्फूर्त. संकासुर मालवणीत लोकांना हसवतो, आर्लेक्किनो बेर्गामोच्या बोलीत.

पेडणेकर : आणि ते कुठे आहे आज? पाडुआत 1545 मध्ये आठ नटांनी नोटरीपुढे करार करून मंडळी उभी केली. धंदा म्हणून. कमाई वाटून घेण्याचे नियम लिहिले. इसाबेल्ला आंद्रेइनीसारख्या स्त्रिया सोळाव्या शतकातच रंगभूमीवर आल्या. अठराव्या शतकात नाटककार गोल्दोनीने संवाद लिहून द्यायला सुरुवात केली आणि जुनी रीत ओसरली. तुमचा दशावतार अजून देवळाला बांधलेला आहे, बाईचे पात्र अजून पुरुषच करतो. एक कला देवळातून सुटली आणि पुस्तकात गेली. दुसरी देवळात राहिली म्हणून जगली. यांना एक म्हणता येणार नाही.

डिचोलीकर : एक नको म्हणू या. पण शिकायचे तर दोन्हीकडून. सिसिलीच्या लोखंडी चिलखतातल्या बाहुल्या, पुपी, 2001 मध्ये युनेस्कोने वारसा म्हणून गौरवल्या आणि त्यांचे खेळ करणारी कुटुंबे टिकली. सीमेपलीकडे कुडाळच्या पिंगुळीत ठाकर कलाकारांची चित्रकथी आणि बाहुल्या आहेत. त्यांतल्या परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. म्हणजे वाट सापडते.

लोकप्रिय संस्कृतीत गेल्या शतकाचा वाटाही आहे आणि तो पेडणेकर आवर्जून मांडतात. इटलीत दूरचित्रवाणी 3 जानेवारी 1954 रोजी सुरू झाली. घरात संच नसल्याने लोक बारमध्ये जमून पाहत. सानरेमोचा गाण्यांचा महोत्सव 1951 पासून चालू आहे आणि त्या आठवड्यात सारा देश एकाच गोष्टीवर वाद घालतो. अल्बेर्तो मांत्सी नावाच्या शिक्षकाने 1960 ते 1968 या काळात दूरचित्रवाणीवरून प्रौढांना लिहा-वाचायला शिकवले. मोठ्या कागदावर कोळशाने चित्र काढत, आवाज न चढवता. इटलीला एक भाषा मिळाली ती शाळेइतकीच या पडद्यातून. त्याची किंमत बोलींनी मोजली.

पेडणेकर : म्हणूनच संतांच्या मिरवणुकींवर थांबू नका. आज नेपल्सचे पोर सणाबरोबरच फुटबॉल आणि मोबाईलवर वाढते, पेडण्याचेही. मोपाच्या विमानतळावरून उतरणारा पाहुणा ज्या इटलीतून येतो ती ही आहे.

डिचोलीकर : ही इटली कळायला मुद्दाम शिकावे लागत नाही. दुसरी शिकावी लागते, आणि ती कशी शिकायची ते मानवशास्त्रज्ञ एर्नेस्तो दे मार्तिनोने दाखवले. 1959 मध्ये तो पुलियातल्या गालातिना गावी गेला. तिथे कोळी चावल्याने अंगात येते असे मानणाऱ्या शेतमजूर बायकांना वाजंत्री नाचवून बरे करत, आणि 29 जूनला त्या संत पॉलच्या देवळात येत. त्याने बरोबर डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ, संगीताचा अभ्यासक आणि छायाचित्रकार नेले. 1961 मध्ये पुस्तक आले. त्याने या बायकांना वेडे म्हटले नाही, साधूही म्हटले नाही. त्यांच्या शेतातल्या मजुरीचे, मनाविरुद्ध झालेल्या लग्नांचे दुःख त्यात शोधले. आपल्याकडे अवसर येतो त्याचा असा अभ्यास किती झाला?

पेडणेकर : विनायक खेडेकरांचे ‘लोकसरिता’ हे पुस्तक आहे.

डिचोलीकर : आहे, आणि तो मोठा पाया आहे. पण एकेका जत्रेची, एकेका वाड्याची अशी नोंद हवी: कोण वाजवतो, कोण गातो, कोणाला आत यायला मज्जाव आहे, कोणाचे व्रत कशासाठी.

पेडणेकर : मज्जाव कोणाला, हे आधी लिहा. आणि जत्रेबरोबर पोदेराची भट्टी आणि पुरुमेंताचे दिवसही लिहा. वहीत नुसता उत्सवच राहिला तर तीही एक उपाहारगृहाची यादीच होईल.

10 डिसेंबर 2025 रोजी दिल्लीच्या लाल किल्ल्यात भरलेल्या युनेस्कोच्या बैठकीत इटलीची स्वयंपाकपद्धती आणि भारताची दिवाळी अशा दोघींचा वारशाच्या यादीत समावेश झाला. इटलीने तिथे एखादा पदार्थ मांडला नव्हता. घरी एकत्र रांधण्याची, वाटून खाण्याची आणि एका पिढीने दुसरीला शिकवण्याची रीत मांडली होती. पेडणेकर या नोंदीचा आधार घेतात. डिचोलीकर दिवाळीच्या नोंदीकडे बोट दाखवून म्हणतात की सण आणि स्वयंपाक वेगळे काढताच येत नाहीत, आणि नरकासुर जाळल्यावर पहाटे घरोघरी जे पोहे होतात त्यांची यादी कोणी तरी आधी करायला घ्यावी.